२६ जुलैचा पाऊस कोणत्या तारखेला?

या महिन्याच्या टपालात पाच पत्रं एकाच विषयाची निघाली : विज्ञानासाठी लिहिलेल्या मुक्त स्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं हे सांगणारं लेखन. माझी नोकरीची सगळी वर्षं पावसाचे आकडे आणि त्यांची गणितं करणारे प्रोग्राम यांच्यातच गेली, त्यामुळे ही पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचली. राहुरीच्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये, त्यांच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी राहुरीजवळ राहते आणि कृषी अभियांत्रिकीत पीएच.डी. करते. (मला ‘तू’ म्हणालात तर बरं वाटेल.) गेल्या तीन वर्षांत मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पावसाच्या आकड्यांसाठी एक लायब्ररी, म्हणजे इतरांनाही वापरता येतील अशा फंक्शनांचा संच, लिहिली. हवामान खात्याच्या ग्रिड फाइल (देशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचा रोजचा पाऊस) वाचणं, पावसाचे आणि अतिवृष्टीचे दिवस मोजणं, एसपीआय हा ओलं-कोरडं सांगणारा निर्देशांक काढणं अशी कामं ती करते. सगळा कोड खुला आहे. स्फिंक्स हे पानं बनवणारं साधन लावून प्रत्येक फंक्शनचं पान तयार केलंय, सत्तरएक पानं होतात. तरी दर आठवड्याला दोन-तीन ईमेल येतात आणि प्रश्न तेच ते असतात. एका जर्नलला लायब्ररी पाठवली तर परीक्षकांनी ‘डॉक्युमेंटेशन अपुरं’ असं लिहून परत केली. सत्तर पानं अपुरी कशी? आणि प्रबंध तोंडावर आलेला असताना मी आणखी काय आणि किती लिहू?

उत्तर : तुझी लायब्ररी मी उतरवून घेतली आणि दोन संध्याकाळ ती वापरून बघितली. कोड नेटका आहे, चाचण्याही आहेत. तू विचार करून काम केलंयस हे जागोजागी दिसतं. आणि म्हणूनच वाईट वाटलं, कारण तो विचार कोड उघडल्यावरच दिसतो, तुझ्या सत्तर पानांत त्याचा मागमूस नाही.

ग्रिड वाचणाऱ्या फंक्शनच्या पानावर तू लिहिलंयस, ‘ग्रिड फाइल वाचते.’ खाली, ‘वर्ष : ज्या वर्षाची फाइल वाचायची ते वर्ष.’ जे नावात आहे तेच वाक्यात आलं. स्फिंक्स तुझ्या कोडमधल्या डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शनला जोडून लिहिलेली माहितीची टिपणं, उचलून त्यांची सुबक पानं मांडतं, एवढंच त्याचं काम. डॉकस्ट्रिंगमध्ये जे लिहिलेलंच नाही ते त्याच्या पानावर कुठून येणार?

आता तुझी लायब्ररी वापरणारा एक जण डोळ्यांसमोर आण. मुंबईतला विद्यार्थी आहे, २६ जुलै २००५ च्या पावसावर काम करतोय. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडले, हे त्याला पाठ आहे. तो तुझ्या फंक्शनला २६ जुलैचा पाऊस विचारणार. आपण सगळे त्या दिवसाला ‘२६ जुलै’च म्हणतो. पण हवामान खात्याची पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते, आणि आधीच्या चोवीस तासांत पडलेला पाऊस त्या सकाळच्या तारखेखाली लिहिला जातो. म्हणजे ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या सकाळचे. तुझी लायब्ररी फाइलमधली तारीख तशीच ठेवते, आणि माझ्या मते तू योग्यच केलंस. पण हे तू कुठेही सांगितलेलं नाहीस.

पुढे हा मुलगा उपग्रहाचे आकडे जोडायला घेईल. आयमर्ज या उपग्रहांवरून काढलेल्या पावसाच्या रोजच्या आकड्यांत दिवस जागतिक वेळेप्रमाणे मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला, आणि तारीख त्या सुरुवातीची असते. हवामान खात्याचा ‘२७ जुलै’ २६ च्या सकाळी साडेआठला सुरू होऊन २७ च्या साडेआठला संपतो. आयमर्जचा ‘२७ जुलै’ २७ च्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. दोन्हींत सामाईक तास फक्त तीन. तारखेला तारीख जुळवून त्याने आलेख काढला तर दोन वेगवेगळ्या दिवसांचा पाऊस शेजारीशेजारी येईल, आणि तो निष्कर्ष काढेल की उपग्रहाला मुंबईचा पाऊस दिसलाच नाही. कोडमध्ये कुठेही चूक नसताना निष्कर्ष चुकला. तुझ्या पानावर दोन ओळी असत्या तर चुकला नसता : ‘तारीख म्हणजे नोंदीची सकाळ. आकडा त्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा, मिलिमीटरमध्ये.’

तुझ्या कोडमध्ये असे निर्णय मी मोजले, मला अकरा सापडले. सगळे इथे लिहीत नाही, पण तीन सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिला, उणे ९९९. हवामान खात्याच्या पाव अंशाच्या ग्रिडमध्ये १३५ गुणिले १२९ बिंदू असतात, आणि जिथे आकडा नाही तिथे, म्हणजे समुद्रात किंवा देशाबाहेर, उणे ९९९ लिहिलेलं असतं. किनाऱ्यालगत चार चौकोन घे : ४०, ५५, ६१ आणि उणे ९९९. तशीच सरासरी काढली तर उणे २१०.७५ येते, आणि ती चूक कोणाच्याही लक्षात येईल. पण कोणी ‘पाऊस उणे कसा असेल’ म्हणून उणे आकड्यांचं शून्य केलं तर सरासरी ३९ येते. खरी सरासरी तीन चौकोनांची, ५२. ते ३९ कोणाच्या नजरेत भरणार नाहीत, थेट प्रबंधात जाऊन बसतील. तू असे बिंदू रिकामे ठेवतेस आणि सरासरीतून वगळतेस. हे मला तुझ्या कोडच्या २१४ व्या ओळीवर कळलं. वापरणाऱ्याने २१४ व्या ओळीपर्यंत का यावं?

दुसरा, अतिवृष्टी. तुझं फंक्शन ‘अतिवृष्टीचे दिवस’ मोजतं, पण कोणाची अतिवृष्टी? हवामान खात्याच्या वर्गवारीत जोरदार पाऊस ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होऊन ११५.५ पर्यंत जातो. आपल्याकडे महसूल मंडळात नुकसानीच्या पंचनाम्यांची चर्चा होते तेव्हा ६५ मिलिमीटरचा आकडा धरतात. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. पण तुझं फंक्शन वापरून कोणी तालुक्याचा तक्ता केला आणि तो बैठकीत मांडला, तर काठावरचं एखादं मंडळ आत की बाहेर हे त्या अर्ध्या मिलिमीटरवर ठरेल. तू ६४.५ घेतलेस आणि ‘त्याहून जास्त किंवा तेवढा’ अशी अट लावलीस. तसं लिही. ‘पावसाचा दिवस’ म्हणजे २.५ मिलिमीटर किंवा जास्त, हेही लिही. ते सगळ्यांना माहीत असतं असं तुला वाटेल, पण हे क्षेत्र नवं असलेल्याला माहीत नसतं, आणि डॉक्युमेंटेशन तोच उघडतो.

तिसऱ्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुझ्याकडचे निम्मे ईमेल त्याचेच असणार. एसपीआय, म्हणजे मॅकी, डोस्केन आणि क्लाइस्ट यांनी १९९३ मध्ये मांडलेला पावसाचा प्रमाणित निर्देशांक. शून्याच्या वर ओलं, शून्याच्या खाली कोरडं, एवढं वापरणाऱ्याला ठाऊक असतं. पावसाच्या बेरजांना गॅमा वितरण (संख्याशास्त्रातला एक वक्र) बसवायचं आणि त्यातून निर्देशांक काढायचा. पण गॅमा शून्याला चालत नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडी शून्यच शून्य. समज, मराठवाड्यातल्या एका ठिकाणच्या ३० वर्षांच्या फेब्रुवारी महिन्यांपैकी १८ कोरडे गेले. मूळ पद्धतीत शून्याची शक्यता वेगळी काढतात : १८ भागिले ३०, म्हणजे ०.६. शक्यता ०.५ असली की निर्देशांक शून्य येतो. कोरड्या फेब्रुवारीचा निर्देशांक या ०.६ वरून निघतो आणि तो येतो अधिक ०.२५. एक थेंब पडलेला नाही आणि निर्देशांक म्हणतो, किंचित ओलं! दुसरी एक रीत आहे. तिच्यात सगळ्या शून्यांच्या गटाचा मध्य धरतात : १९ भागिले ६२, साधारण ०.३१. मग त्याच फेब्रुवारीचा निर्देशांक येतो उणे ०.५१. आकडे तेच, महिना तोच, चिन्ह उलटं.

तू पहिली रीत घेतलीस. घ्यायला हरकत नाही, अनेक जण घेतात. पण ज्याला अधिक ०.२५ दिसलं त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. तुझी लायब्ररी बिघडली आहे असं समजून तो ईमेल करतो, किंवा आकड्यावर विश्वास ठेवून दुष्काळी महिना ओला म्हणून छापतो. ईमेल करणारे तुला त्रासदायक वाटतात, पण मला काळजी आहे ती ईमेल न करणाऱ्यांची. या फंक्शनच्या पानावर मी वर केलं तेवढं छोटं गणित तसंच्या तसं घाल, आणि खाली स्पष्ट लिही : ‘ज्या महिन्यात बहुतांश वर्षं कोरडी जातात, तिथे एक महिन्याचा एसपीआय वापरू नका.’ असं वाक्य लिहायला धीर लागतो, कारण आपणच केलेली गोष्ट कुठे वापरू नये ते आपल्याला सांगावं लागतं. परीक्षकांना ‘अपुरं’ वाटलं ते हेच असणार, असा माझा अंदाज आहे.

याच पानावर आणखी एक गोष्ट येऊ दे. सायपाय या पायथनच्या वैज्ञानिक लायब्ररीचं गॅमाचं फिट (आकड्यांना वक्र बसवणं) मोकळं सोडलं तर वितरणाची सुरुवात कुठून, हा तिसरा आकडाही ते स्वतःच शोधतं. तू तो शून्यावर बांधून ठेवलास, ते बरोबर केलंस. पण तुझे आकडे स्वतः पडताळू पाहणारा माणूस हे न कळल्यामुळे दोन दिवस घालवेल.

कसं लिहावं याचा नमुना हवा असेल तर नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीचं प्रमाण विचलनाचं (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं) पान बघ. हे फंक्शन वेगळं सांगितलं नाही तर आकड्यांच्या संख्येने भागतं, एक वजा करून नाही. पांडाज ही तक्त्यांसाठीची लायब्ररी एक वजा करते. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आठ आकड्यांचं उत्तर नमपाय २ देतं आणि पांडाज २.१४. दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे. नमपायच्या पानावर ‘टिपा’ या भागात हा फरक समजावून सांगितला आहे. नमपाय-सायपायच्या मंडळींनी डॉकस्ट्रिंगचे भाग ठरवून टाकलेत : पॅरामीटर (फंक्शनला द्यायच्या गोष्टी), परत काय मिळतं, चूक कधी येते, हेही पाहा, टिपा, संदर्भ, उदाहरणं. तुझ्या पानांवर पहिले दोनच भाग आहेत. विज्ञान असतं ते टिपांमध्ये.

आता वेळेचं. प्रबंध तोंडावर आहे, म्हणून सत्तरच्या सत्तर पानं पुन्हा लिहू नकोस. ईमेल उघड, आलेले प्रश्न एका कागदावर उतरव, ज्या फंक्शनबद्दल सर्वांत जास्त विचारलंय ते आधी घे. मला वाटतं आठ फंक्शनांत तुझं ऐंशी टक्के काम होईल. उरलेली बासष्ट पानं आहेत तशी राहू देत.

मग एक धडा लिही, एकच. त्यासाठी लायब्ररीसोबत एक चिमुकली फाइल दे, पाच बाय पाच चौकोन आणि दहा दिवसांची. इंटरनेट नसलं तरी चालली पाहिजे. कृषी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत नेट कसं असतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. फाइल उघडायची, एका दिवसाचा पाऊस छापायचा, पावसाचे दिवस मोजायचे, संपलं. उत्तर काय यायला हवं तेही छाप, म्हणजे वाचणाऱ्याला आपलं बरोबर आलं की नाही ते कळेल. आणि पायथनमध्ये डॉकटेस्ट आहेच. उदाहरणं त्या पद्धतीने लिहिलीस तर चाचण्यांसोबत तीही चालतात, आणि कोड बदलल्यावर जुनं पडलेलं उदाहरण लगेच पकडलं जातं. न चालणाऱ्या उदाहरणाइतका मनस्ताप दुसऱ्या कशाने होत नाही. नवशिक्या चूक लायब्ररीची न मानता स्वतःची मानतो आणि सोडून जातो.

डॅनिएले प्रोसिडा यांनी डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार केलेत : शिकवणारा धडा, एखादं काम कसं करायचं ते सांगणारी वाट, नेमका तपशील देणारा संदर्भ, आणि ‘असं का’ हे उलगडणारं विवेचन. तुझ्याकडे फक्त संदर्भ आहे. चारही आजच नकोत, पण धडा आणि विवेचन हवंच.

शेवटचं, बदलांची नोंद. उद्या तू एसपीआयची रीत बदललीस, पहिलीवरून दुसरीवर आलीस, तर वर सांगितल्याप्रमाणे चिन्ह उलटू शकतं. तुझी जुनी आवृत्ती वापरून कोणी लेख छापलेला असेल. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या तारखेला, काय बदललं आणि कोणाचे आकडे त्याने हलतील, हे एका फाइलमध्ये ठेव.

हे सगळं मी एवढं जीव तोडून का सांगते? नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला एक प्रोग्राम आला. लिहिणारे गृहस्थ बदली होऊन गेले होते. आकडे वाचणाऱ्या ओळीशेजारी टिपण होतं, ‘एकक : वही पाहा.’ वही कोणालाच सापडली नाही. आकडे मिलिमीटरचे दशांश होते हे मला सतरा दिवसांनी कळलं, तेही एका म्हाताऱ्या निरीक्षकांनी स्वतःच्या हातच्या नोंदी काढून दाखवल्या म्हणून. तोपर्यंत एका जिल्ह्याचा पाऊस दहापट असलेला तक्ता पुढे गेला होता. मी तो परत मागवला. त्या निरीक्षकांनी पंचवीस वर्षं रोज सकाळी साडेआठला मापक उघडून आकडा लिहिला होता. इतक्या निष्ठेने केलेलं काम एका न लिहिलेल्या शब्दापायी चुकीचं ठरावं, हे मला तेव्हाही सहन झालं नव्हतं आणि आजही होत नाही.

आठ पानं झाली की कळव. मी वाचेन.

प्रश्न : मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. विज्ञान बारावीपर्यंतचं, इंग्रजी बेताचं. एखाद्या वैज्ञानिक लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनला हातभार लावावा असं मनापासून वाटतं, पण माझं तिथे काय काम, असंही वाटतं.

उत्तर : तुमचं तिथे फार काम आहे. लायब्ररी लिहिणारा माणूस पुन्हा नवशिक्या होऊ शकत नाही. तुम्ही आत्ता आहात, आणि महिन्याभराने तुम्हीही राहणार नाही. म्हणून पहिल्या दिवशीच वही घेऊन बसा. कोऱ्या संगणकावर सूचना अक्षरशः पाळत जा. जिथे अडलात ती ओळ, आलेला त्रुटीचा संदेश आणि तुमचा समज काय झाला होता, एवढं लिहा. टेस्टिंगमध्ये रोज हेच करता. एवढीच नोंद इश्यू म्हणून, म्हणजे प्रकल्पाच्या पानावरची तक्रार म्हणून, टाकलीत तरी ती मोलाची असते.

नंतर एखादी छोटी दुरुस्ती पाठवा. तुटलेली लिंक, न चालणारं उदाहरण, राहून गेलेलं एकक. पहिल्याच खेपेला अख्खं पान नव्याने लिहायला घेऊ नका, तपासणाऱ्यालाही वेळ कमी असतो. इंग्रजीची धास्ती नको. छोटी, सरळ वाक्यं लिहा. जपानपासून ब्राझीलपर्यंतची माणसं ती वाचतात, त्यांना अलंकारिक इंग्रजी नकोच असतं. नमपाय आणि सायपायचं डॉक्युमेंटेशनही एका हाताने उभं राहिलेलं नाही. २००८ मध्ये त्या मंडळींनी डॉक्युमेंटेशनची मॅरेथॉन भरवली, वेबवर कोणालाही डॉकस्ट्रिंग सुधारता येईल अशी सोय केली आणि लोकांना हाक दिली.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळा : अंदाजाने काही लिहू नका. एकक माहीत नसेल तर ‘हे किलोपास्कल आहे की हेक्टोपास्कल?’ असं विचारा. रिकामी जागा दिसली की वाचणारा सावध होतो. चुकीचं लिहिलेलं असलं की तो बिनघोर पुढे जातो.

प्रश्न : मी एका विद्यापीठात शिकवतो. माझ्या एका विद्यार्थ्याने डॉक्युमेंटेशन लिहिण्यात चार महिने घालवले. त्याचं काम चांगलं असेल, पण मूल्यांकनात त्याला गुण नाहीत. मी त्याला थांबवू का?

उत्तर : सर, तुमची अडचण खरी आहे. मूल्यांकनाच्या तक्त्यात या कामाला रकाना नाही, हे अन्यायाचं आहे आणि त्याचा भार विद्यार्थ्यावर पडतो. पण थांबवण्याआधी हे बघा. जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर हे नियतकालिक २०१६ पासून चालतं. तिथे लेख छोटा असतो आणि परीक्षण लायब्ररीचंच होतं. ती कशासाठी आहे ते स्पष्ट लिहिलंय का, सूचनांप्रमाणे ती बसवता येते का, उदाहरणं आहेत का, फंक्शनांची माहिती पुरेशी आहे का, चाचण्या आहेत का, हे परीक्षक एकेक करून तपासतात. स्वीकारलेल्या लेखाला डीओआय, म्हणजे संदर्भ देण्यासाठीचा कायमचा क्रमांक, मिळतो. म्हणजे त्या चार महिन्यांतलं बरंचसं काम लेखात जमा होऊ शकतं. शिवाय प्रत्येक आवृत्ती झेनोडो या संशोधन साठवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवली की तिलाही डीओआय मिळतो, आणि रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) उद्धरणाची फाइल ठेवली की कोड ठेवण्याचं संकेतस्थळ गिटहब २०२१ पासून ‘असा उल्लेख करा’ हे स्वतःहून दाखवतं.

चार महिने सलग देणं मात्र मलाही जास्त वाटतं. यापुढे त्याने आठवड्यातला अर्धा दिवस द्यावा. नवं फंक्शन त्याच्या पानासकट झाल्याशिवाय पूर्ण झालं असं धरायचंच नाही, ही शिस्त प्रयोगशाळेत तुम्ही लावू शकता. तो मुलगा दोन वर्षांनी निघून जाईल, त्याची लायब्ररी पुढचा विद्यार्थी उघडेल, आणि त्याच्या शंका घेऊन तो तुमच्याच दारात उभा राहील.

प्रश्न : एआयकडून सगळ्या डॉकस्ट्रिंग लिहून घेतल्या तर चालेल का? (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : कोड काय करतो ते त्यातून बऱ्यापैकी उतरेल. ६४.५ का घेतलं आणि ६५ का नाही, हे कोडमध्ये नसतं, ते तुमच्या डोक्यात असतं. म्हणून ‘टिपा’ स्वतः लिहा, हव्या तर मराठीत लिहा, आणि इंग्रजी सुधारून घ्यायला मदत घ्या. एआयने दिलेलं प्रत्येक उदाहरण चालवून बघितल्याशिवाय ठेवू नका. नसलेल्या पॅरामीटरची नावं मी त्यात पाहिली आहेत.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यात कृषी पदविकेच्या मुलांना शिकवते. पावसाच्या आकड्यांच्या लायब्ररीचा धडा मराठीत केला तर मुलं पटकन उचलतील असं वाटतं. सहकारी म्हणतात, प्रोग्रामिंग इंग्रजीतच शिकावं. तुमचं मत काय?

उत्तर : बाई, कराच. नमपायचं संकेतस्थळ जपानी, पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये आहे, आणि ती भाषा बोलणाऱ्यांनी त्यात कमीपणा मानलेला नाही. फंक्शनांची नावं इंग्रजीच राहतील, ती बदलता येत नाहीत. पण समजावणारं वाक्य मुलाच्या भाषेत असलं की त्याचं सगळं लक्ष नव्या गोष्टीवर राहतं. स्फिंक्समध्ये भाषांतराची सोय आहे, मूळ वाक्यं वेगळ्या फाइलमध्ये निघतात आणि त्यांच्याखाली मराठी लिहायचं. भाषांतर मूळ पानाच्या मागे पडतं ही एक अडचण असते, म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावर ते कोणत्या आवृत्तीचं आहे ते लिहा. संदर्भाच्या पानांना सध्या हात लावू नका, धड्यापासून सुरुवात करा. वर राहुरीचं पत्र आहे, त्या लेखिकेची परवानगी असेल तर तुमची गाठ मी घालून देईन.

शब्द गावातले घ्या. दोन पावसांमधल्या कोरड्या दिवसांना मुलं ‘खंड’ म्हणतात, तोच शब्द ठेवा, ‘शुष्क कालावधी’ नको. एका शब्दाला मात्र जपा. तहसीलच्या तक्त्यात पाऊस पडला नाही की ‘निरंक’ लिहितात, आणि माहिती आली नाही तरी काही ठिकाणी ‘निरंक’च लिहिलेलं मी बघितलं आहे. धड्याच्या पहिल्याच पानावर ठरवून टाका : ‘निरंक’ म्हणजे शून्य मिलिमीटर, मापक उघडून बघितलेलं शून्य. उणे ९९९ साठी ‘नोंद नाही’ असंच लिहायचं, आणि संपूर्ण धड्यात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येऊ द्यायचे नाहीत.